आपला पाऊस ढकलणारा ‘मस्करीन हाय’ आहे तरी कुठं?

मृग जवळ आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामानाचे मेसेज सुरू होतात. ‘मस्करीन हाय स्ट्राँग झाला, दोन दिवसांत धो धो पाऊस.’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ग्रुपवर, ‘मस्करीन वीक, पाऊस पंधरा दिवस लांबणार.’ पारावर, चहाच्या टपरीवर, कृषी सेवा केंद्राच्या कट्ट्यावर हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडात बसला आहे. पण हा मस्करीन आहे कुठं आणि त्याचा आपल्या शिवारातल्या पावसाशी संबंध काय, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. काहींना तर नाव ऐकून मस्करीच वाटते.

सोयाबीनच्या बॅगा घरात आणून ठेवलेल्या माणसानं मात्र हे समजून घेतलेलं बरं. एका अर्धवट मेसेजवर भरवसा ठेवून चाड्यावर मूठ धरली आणि पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च मेसेज पाठवणारा देत नाही.

मस्करीन हाय म्हणजे दक्षिण हिंद महासागरावर असलेला हवेच्या जास्त दाबाचा एक प्रचंड पट्टा. मुंबईपासून त्याचं केंद्र सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. म्हणजे विषुववृत्त ओलांडून, पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. आपल्याकडे जूनमध्ये ढग घेऊन येणाऱ्या वाऱ्याची सुरुवात तिथून होते.

हवेलाही वजन असतं

हवा दिसत नाही म्हणून ती बिनवजनाची वाटते. प्रत्यक्षात आपल्या डोक्यावर हवेचा कित्येक किलोमीटर उंच थर उभा आहे आणि त्याचं वजन आपल्यावर सतत पडतं. समुद्रसपाटीला उघड्या तळहातावर हे वजन सुमारे शंभर किलो भरेल, म्हणजे पोत्यापेक्षा जास्त. हाताच्या खालूनही हवा तेवढ्याच जोरानं दाबते, म्हणून ते जाणवत नाही. या वजनालाच हवेचा दाब म्हणतात. तो हेक्टापास्कलमध्ये मोजतात. जुनी माणसं मिलिबार म्हणायची, आकडा तोच. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ हेक्टापास्कल धरतात.

जमीन तापली की वरची हवा तापते, फुगते, हलकी होऊन वर निघून जाते. तिथं दाब कमी होतो. उलट जिथं वरून हवा खाली उतरून साचत राहते, तिथं दाब वाढतो. आणि हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. ट्रॅक्टरच्या टायरचा वॉल्व्ह काढला की हवा बाहेर का येते, त्याचं उत्तर हेच. पाटाचं पाणी उंच वाफ्यातून खालच्या वाफ्यात जातं, तसाच वारा. जास्त दाबाचा प्रदेश म्हणजे हवेचा उंचवटा, कमी दाबाचा प्रदेश म्हणजे खोलगट भाग.

आता हा उंचवटा नेमका समुद्रावर आणि नेमका त्याच पट्ट्यात का तयार होतो?

विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळपास डोक्यावर असतो. तिथली गरम, दमट हवा सतत वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो आणि उरलेली कोरडी हवा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरून उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या दिशेनं निघते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यानं ही हवा सरळ ध्रुवापर्यंत पोचत नाही. वाटेत ती वळत जाते, थंड होते, जड होते आणि दोन्ही बाजूंना साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपास तिची गर्दी होऊन ती खाली उतरू लागते. जॉर्ज हॅडली नावाच्या इंग्रजानं १७३५ मध्ये व्यापारी वाऱ्यांचं कोडं सोडवताना हवेच्या अशा फेऱ्याची कल्पना मांडली. त्याच्या मांडणीत पुढं बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण या फेऱ्याला आजही त्याचंच नाव आहे.

खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेल्यानं तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तोच प्रकार. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे दहा अंशांनी तापते. अशा हवेत ढग टिकत नाही, विरून जातो. म्हणून जास्त दाबाच्या पट्ट्याखाली आभाळ निरभ्र, वारा मंद आणि पाऊस जवळजवळ नाही. जगाचा नकाशा काढून बघा. सहारा, आफ्रिकेतलं कलहारी, ऑस्ट्रेलियाचं वाळवंट ही सगळी याच अक्षांशांच्या आसपास सापडतील. समुद्रावरच्या याच पट्ट्यात शिडाची जहाजं वाऱ्याअभावी दिवसेंदिवस अडकायची. शाळेच्या भूगोलात त्याला ‘अश्व अक्षांश’ म्हटलेलं बऱ्याच जणांना आठवत असेल.

जमिनीवर हा पट्टा सलग टिकत नाही. जमीन उन्हाळ्यात लवकर तापते, तिच्यावरचा दाब उतरतो आणि पट्टा तुटतो. समुद्राचं पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळं समुद्रावर हे उंचवटे जवळपास बारा महिने टिकून राहतात. जगात असे पाच मोठे आहेत. प्रशांत महासागरात उत्तरेला एक, दक्षिणेला एक, अटलांटिकमध्येही तसेच दोन. हिंद महासागराला मात्र एकच आहे, दक्षिणेतला. कारण उत्तरेकडे तिसाव्या अंशावर आपल्याकडे समुद्रच नाही. तिथं पंजाब आहे, हिमालय आहे. हिंद महासागराची ही एकांगी ठेवणच आपल्या मान्सूनचं मूळ म्हणायला हरकत नाही. दक्षिणेला पाण्याचा पसारा आणि उत्तरेला तापणारी अफाट जमीन, असा जोड जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे नाही.

नाव मॉरिशसच्या शेजारचं

मादागास्करच्या पूर्वेला मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही तीन बेटं आहेत. पेद्रू मस्करेन्यस या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या नावावरून त्यांना मस्करीन बेटं म्हणतात आणि बेटांवरून या उच्च दाबाला नाव पडलं. दाबाचं केंद्र नेमकं बेटांवर नसतं. ते बेटांच्या बरंच दक्षिणेला, ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या जवळपास मागंपुढं सरकत असतं. पसारा मात्र मादागास्करच्या बाजूपासून पार ऑस्ट्रेलियाच्या दिशेनं हजारो किलोमीटर.

मॉरिशसचा आणि आपला धागा वेगळाही आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ऊसमळ्यांवर राबायला कोकणातून माणसं नेली गेली. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणवून घेतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. जून-जुलैत आपल्याकडे पावसाची वाट बघणं चालू असतं, तेव्हा त्यांच्याकडे हिवाळा असतो आणि त्यांच्या अंगावरून जाणारा आग्नेयेचा वारा पुढं आपल्याच दिशेला निघालेला असतो.

वाऱ्याचा रस्ता सरळ नाही

नकाशावर पट्टी ठेवली तर मस्करीनहून महाराष्ट्राकडे वारा सरळ उत्तरेला यायला हवा. तसं होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळं दक्षिण गोलार्धात वाहणारी हवा डावीकडे वळते आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे. त्यामुळं उंचवट्यावरून उतरलेला वारा आधी डावीकडे वळून आग्नेयेकडून वायव्येकडे, म्हणजे आफ्रिकेकडे जातो. हेच आग्नेय व्यापारी वारे. विषुववृत्त ओलांडलं की वळण्याची बाजू बदलते. तोच वारा उजवीकडे वळू लागतो आणि नैऋत्येकडून ईशान्येकडे वाहतो. म्हणजे ‘नैऋत्य मोसमी वारा’ हा विषुववृत्तापलीकडचा आग्नेयेचा वाराच आहे. वाटेत फक्त त्याची दिशा बदलली.

या वळणावर एक भिंतही आहे. केनिया, इथिओपियाचा डोंगराळ प्रदेश वाऱ्याला आफ्रिकेत शिरू देत नाही. भिंतीला घासून वारा दाटतो आणि अरुंद धारेसारखा जोरात सुटतो. कालव्याचं पाणी अरुंद मोरीतून जाताना कसं वेगानं निघतं, तसं. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर ही धार सगळ्यात जोरकस असते. जे. फाइंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६९ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. म्हणून तिला फाइंडलेटर जेट किंवा सोमाली जेट म्हणतात. हवामानाच्या बातम्यांत ‘अरबी समुद्रात वाऱ्याचा वेग वाढला’ असं येतं, ते बहुधा या धारेबद्दलच असतं.

तिथून पुढं अरबी समुद्र. हजारो किलोमीटर पाण्यावरून येताना वारा बाष्प पितो आणि सह्याद्रीला येऊन धडकतो. वर चढतो, थंड होतो, रिकामा होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मस्करीनचा जोर दोघांना सारखाच मिळतो, पण डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा परत तापते, कोरडी होते आणि माणच्या वाट्याला नुसता वारा येतो. घाटाखाली पवनचक्क्या गरगर फिरतात आणि आभाळातून थेंब नाही, असे जुलैतले दिवस पूर्वेकडच्या तालुक्यांना सांगायला नकोत.

दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारीही याच वाऱ्यावर जगत. इजिप्तमधून निघालेली गलबतं उन्हाळी वाऱ्याचा जोर धरून अरबी समुद्र पार करायची. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांचा उल्लेख आहे. वारा सुटतो कुठून, हे त्यांना माहीत नव्हतं. तो कधी सुटतो, ते पक्कं ठाऊक होतं.

ढकलणारा एक, ओढणारा दुसरा

नुसता दक्षिणेचा उंचवटा असून भागत नाही, उत्तरेला खड्डाही पाहिजे. एप्रिल-मेमध्ये राजस्थान आणि पाकिस्तानचा वाळवंटी भाग भट्टीसारखा तापतो. तिथला दाब जुलैपर्यंत ९९५ हेक्टापास्कलच्या आसपास उतरतो. त्याच सुमारास मस्करीनच्या केंद्राचा दाब १०२४ च्या पुढं असतो. दोन्हींत सुमारे तीस हेक्टापास्कलचा फरक. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण या तीसच्या उतारावरच अख्ख्या देशाचा खरीप उभा असतो.

आपल्याकडे उन्हाळा कडक झाला की पाऊस चांगला, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. खड्डा खोल झाला तरी पलीकडचा उंचवटा बसका असेल तर उतार तयार होत नाही.

मस्करीनचा जोर दक्षिणेच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त असतो. पण तो रोज सारखा नसतो. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखालून पश्चिमेकडून पूर्वेकडे थंड हवेचे लोट जात असतात. त्यांच्यामागून येणारा थंड, जड हवेचा गोळा मस्करीनमध्ये मिसळला की त्याचा दाब वाढतो, व्यापारी वारे जोर धरतात आणि काही दिवसांनी तो जोर विषुववृत्तापलीकडे आपल्या बाजूला पोचतो. तिथून निघालेल्या हवेला इथं यायला ढोबळ हिशेबानं आठवडाभर लागतो. म्हणूनच अभ्यासक दक्षिणेकडे डोळा ठेवून असतात. टी. एन. कृष्णमूर्ती आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले एच. एन. भालमे यांनी १९७६ मध्ये मान्सूनला एका यंत्रासारखं मांडलं. मस्करीनचा उच्च दाब, विषुववृत्त ओलांडणारा वारा, उत्तर भारतातला कमी दाबाचा पट्टा, तिबेटवरचा उंचावरचा उच्च दाब असे त्याचे भाग. एक भाग हलला की बाकीचे हलतात.

मग जोर असूनही पाऊस का अडतो

व्हॉट्सॲपवरचे मेसेज इथंच फसवतात. मस्करीन हा वारा पाठवतो. पाऊस कुठं पाडायचा, हे त्याच्या हातात नाही.

२०२३ चा जून आठवून बघा. अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ तयार झालं. दक्षिणेकडून येणारं बाष्प या वादळानं स्वतःभोवती गोळा केलं आणि १५ जूनला ते गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर गेलं. मान्सून केरळात ८ जूनला आला होता, पण मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. प्रशांत महासागरात एल निनो होता आणि पावसात लांब खंड पडले. अशा खंडात कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावरून हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. मग वारा असतो, पण पाऊस बिहार आणि हिमालयाच्या पायथ्याकडे पडतो. आपली पिकं माना टाकतात.

२०२५ ला उलटं झालं. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दोनच दिवसांत, २६ मेला मुंबईत. एरवी मुंबईची तारीख ११ जून. १९५० नंतर एवढ्या लवकर तो कधी आला नव्हता. रोहिणीतच मान्सून दाखल झाल्यावर पाभरी बाहेर निघाल्या नाहीत तरच नवल. पण मेअखेरीला अरबी समुद्रावरचा वाऱ्याचा जोर ओसरला आणि पुढची चाल जूनच्या मध्यापर्यंत थांबली. मान्सून ‘आला’ म्हणजे पाऊस ‘लागला’ असं नाही, हे त्या पंधरा-वीस दिवसांनी दाखवलं. कृषी विभाग दरवर्षी तेच सांगत असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नये. सल्ला जुना आणि कंटाळवाणा आहे, पण आतापर्यंत कुठल्याच व्हॉट्सॲप मेसेजनं त्याला मागं टाकलेलं नाही.

कोकण आणि घाटमाथ्यावर मस्करीनचा जोर लगेच दिसतो. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असला आणि समुद्रावरून वारा जोरात असला की तिथं पाऊस कोसळतोच. विदर्भ, मराठवाड्याचं गणित वेगळं आहे. तिथं चांगला, सर्वदूर पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते पश्चिमेकडे सरकलं की होतो. त्यामुळं लातूर-परभणीच्या शेतकऱ्यानं मस्करीनच्या बातमीपेक्षा उपसागराच्या बातमीकडे जास्त लक्ष दिलं तर ते शहाणपणाचं. दोन्ही एकाच वेळी जुळून आले, तर मात्र राज्यभर झड लागते.

मॉरिशसचा दाब आणि १८९९ ची चूक

दूरच्या दाबावरून आपला पाऊस सांगायची खटपट आजची नाही. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून इथले अधिकारी हिमालयातलं बर्फ आणि समुद्रापलीकडचे दाब यांचा मेळ लावत होते. १८९९ ला जॉन एलियट विभागाचे प्रमुख होते. त्या वर्षाचा त्यांचा अंदाज साफ चुकला. पाऊस दगा देऊन गेला आणि १८९९-१९०० चा दुष्काळ देशातल्या भीषण दुष्काळांपैकी एक ठरला.

त्यांच्यानंतर आलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. त्यांनी अंदाजाला आकडेमोडीत बसवलं. त्यांच्या सुरुवातीच्या सूत्रात जे मोजके घटक होते, त्यातला एक होता मॉरिशसचा मे महिन्यातला हवेचा दाब. बाकी हिमालयातलं बर्फ, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस. शंभर वर्षांपूर्वी आपल्या खरिपाचा अंदाज बांधणारा माणूस मस्करीन बेटांच्या तारांकडे डोळे लावून बसायचा, ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ही सूत्रं पुढं जुनी झाली, बदलली. १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं मॉडेल आलं. तेही २००२ ला अडखळलं. अंदाज सरासरीचा होता आणि प्रत्यक्षात देशात १९ टक्के पाऊस कमी झाला. एका घटकावर, मग तो कितीही मोठा असो, पावसाचं भाकीत उभं राहत नाही, हे विभागालाही ठेचा खातच कळलं.

जवळचे उच्च दाबही कमी नाहीत

मस्करीन मोठा म्हणून सगळं श्रेय त्याला जातं. पण रब्बीत आणि उन्हाळ्यात आपल्या डोक्याजवळच लहान-मोठे उच्च दाब तयार होत असतात. भूगोलात त्यांना प्रत्यावर्त म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगालच्या उपसागरावर असा प्रत्यावर्त बसला की त्याच्याभोवतीचा दमट वारा विदर्भ-मराठवाड्याकडे येतो. त्याच वेळी वायव्येकडून कोरडा, थंड वारा आला की दोघांची गाठ पडते, ढग उंच वाढतात आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातल्या शेतकऱ्यांना आजही आठवते. गहू, हरभरा आडवा झाला, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, जनावरं दगावली. त्यामुळं हिवाळ्याच्या शेवटी अंदाजात ‘बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे’ हे शब्द दिसले, तर काढलेला हरभरा उघड्यावर ठेवू नये.

एप्रिल-मेमध्ये उलट. मध्य भारतावर उच्च दाब ठाण मांडून बसला की हवा खाली उतरत राहते, तापते, ढग होऊ देत नाही आणि उष्णतेची लाट येते. दाब तोच, काम वेगळं.

मोबाईलवर कसं बघायचं

विंडीसारखं ॲप बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात आपलं गाव सोडून नकाशा खाली ओढत न्यावा, विषुववृत्त ओलांडून मादागास्करच्या पूर्वेला. वाऱ्याच्या रेषा घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं मोठ्या वर्तुळात फिरताना दिसतील. तोच मस्करीन हाय. उत्तर गोलार्धात उच्च दाबाभोवतीचा वारा काट्याच्या दिशेनं फिरतो, म्हणून इथं बघणाऱ्याचा आधी घोटाळा होतो आणि तो यालाच वादळ समजतो. दाबाचा थर लावून केंद्रातला आकडा बघता येतो. मग बोट वर सरकवत आफ्रिकेच्या किनाऱ्यानं सोमालिया आणि तिथून अरबी समुद्र. ही धार सलग आणि सह्याद्रीपर्यंत रोखलेली असेल, तर कोकण-घाटाला जोर. ती तुटक असेल, किंवा खाली केरळ-श्रीलंकेकडे वळलेली असेल, तर आपल्याकडे उघडीप.

एवढं बघणं उपयोगाचं आहे, पण ते बघून पेरणी ठरवू नये. ॲपवरचा दहाव्या दिवसाचा पाऊस रोज बदलतो, हे कोणीही चार दिवस पाहून ताडून घ्यावं. हवामान विभागाचा पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतही मिळतो. वीज कुठं पडू शकते, यासाठी पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. शेतात गडी-माणसं असतील तर ते मस्करीनपेक्षा जास्त कामाचं.

पाऊस जातो तोही उच्च दाबामुळंच

सप्टेंबरच्या मध्यानंतर राजस्थानची भट्टी निवते. जिथं कमी दाबाचा खड्डा होता, तिथंच हवा खाली उतरू लागते आणि खालच्या थरात प्रत्यावर्त तयार होतो. सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतलं बाष्प घटलेलं आणि हा प्रत्यावर्त बसलेला, असं दिसलं की हवामान विभाग पश्चिम राजस्थानातून मान्सून माघारी फिरल्याचं जाहीर करतो. सरासरी तारीख १७ सप्टेंबर. मुंबईतून तो साधारण ८ ऑक्टोबरला जातो. तिकडे दक्षिणेत उन्हाळा लागायला आलेला असतो, मस्करीनचा जोर उतरलेला असतो आणि उतारच संपल्यामुळं नैऋत्येचा वारा थांबतो.

ऑक्टोबर हीटचा चटका बसतो तो याच काळात. आभाळ निरभ्र, जमिनीत ओल, दुपारी घामाच्या धारा. ज्वारीची पेरणी, कांद्याची रोपं आणि द्राक्षाची छाटणी याच खिडकीत बसवावी लागते. नाशिक-सांगलीचे बागायतदार छाटणीची तारीख धरण्याआधी परतीच्या पावसाकडे बघत असतात ते यासाठीच. छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला तर डाऊनी आलाच समजा. वायव्येकडून कोरडा वारा सुरू झाला, पहाटे गारवा जाणवू लागला आणि उपसागरात नवीन कमी दाब नसला, की कात्र्यांना धार लावायला घेतात.